जातं गेलं, मग गोष्ट बसणार कुठं?



गटाची बैठक कोणत्याही गावची असो. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की घरची बोलणी निघतात. कापसाचा भाव निघतो, पाण्याचं निघतं, लेकीच्या स्थळाचं निघतं. गेल्या काही वर्षांत त्यात एक तक्रार कायमची येऊन बसली आहे. “पोट्टे काई वाचत नाई वं ताई, दिसभर मोबाईलच पायतात.” त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, ते जरा हळू आवाजात. “मले सोताले वाचता येत नाई, मी त्याइले काय शिकवू?”

आज या दोन वाक्यांवर बोलायचं आहे. पहिलं वाक्य सगळ्या जणी बोलतात. पण मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते, कारण ते बोलणारी बाई आपल्याकडे पोराला द्यायला काहीच नाही असं धरून चालते. हे खरं आहे का, ते पाहायला आपण थोडं मागं जाऊ. अगदी सातशे वर्षं मागं. गोष्ट एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, याचा इतिहास आपल्या वऱ्हाडात फार जुना आहे आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

रिद्धपूरच्या म्हाताऱ्या

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, म्हणून नाव ऐकलं असेल. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी गावोगाव फिरले. ते लोकांशी मराठीत बोलायचे, छोटे छोटे दृष्टांत सांगायचे. त्यांच्याभोवती पुरुष जमले तशा बायकाही जमल्या. ते निघून गेल्यावर हे सगळे लोक रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या जवळ राहू लागले. पुढं म्हाइंभट नावाच्या शिष्यानं स्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. कसं केलं त्यानं हे काम? ज्यांनी स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, त्यांना गाठलं आणि विचारलं. तू काय पाहिलंस, तुला काय आठवतं? त्यातून ‘लीळाचरित्र’ तयार झालं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आज आपण त्याचं नाव घेतो. तो मुळात लोकांना विचारून विचारून जमवलेल्या आठवणींचा ग्रंथ आहे.

या मेळ्यात महदाइसा नावाची बाई होती. सारखी प्रश्न विचारणारी म्हणून ती ओळखली जायची. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर ‘धवळे’ रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पंथातले केशोबास संस्कृतचे जाणकार होते. धर्माचं ज्ञान संस्कृतात मांडावं असं त्यांच्या मनात आलं. तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं असं होतं की संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या या सगळ्याला मुकतील. बघा मैत्रिणींनो, मराठीतला एवढा मोठा साठा कुणासाठी मराठीत राहिला? ऐकायला बसणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. ऐकणारी बाई कोणती भाषा जाणते, यावरून सांगणाऱ्याची भाषा ठरली.

पुढं स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथ्या हरवल्या, असं परंपरा सांगते. मग आठवणीतून लीळा पुन्हा जुळवाव्या लागल्या. ज्यांना त्या पाठ होत्या त्यांत हिराइसा नावाची बाई होती. तिच्या नावानं लीळाचरित्राचा एक पाठच ओळखला जातो. कागद गेला, पण बाईच्या डोक्यातलं राहिलं.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोथ्या सांभाळण्यासाठी पुढं त्या सांकेतिक लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या. पंथाबाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर कळेना. गोष्टी जपल्या गेल्या, पण शेकडो वर्षं त्या बाकी मराठी लोकांच्या हाती नव्हत्या. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा हा खजिना सगळ्यांना दिसला. कुलूप लावून ठेवलेली गोष्ट सुरक्षित राहते, पण पोरांपर्यंत पोचत नाही. शाळेच्या कपाटात ‘फाटतील’ म्हणून बंद ठेवलेली पुस्तकं पाहिली की मला ही सांकेतिक लिपी आठवते.

जात्यावरची शाळा

रिद्धपूरच्या बायकांची नावं तरी आपल्याला माहीत आहेत. त्यानंतरच्या लाखो बायका निनावी राहिल्या. त्या गोष्ट सांगत होत्या जात्यावर बसून.

पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचं, पायली-दोन पायली ज्वारी दळायची. समोरासमोर दोघी बसायच्या. सासू-सून, नाहीतर जावा-जावा. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची. मांडीवर नाहीतर पाठीशी लेकरू झोपलेलं असायचं. त्या झोपेतच त्याच्या कानात सीतेचा वनवास जायचा, विठ्ठल-रखुमाईचं भांडण जायचं, माहेरचा भाऊ जायचा, सासरचा जाच जायचा. पुढच्या काळात त्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरही आले. दारातून जे जे गेलं ते बाईनं ओवीत घेतलं.

साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ नावाचं पुस्तक केलं. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून इथं येऊन राहिलेले गी पॉइटवाँ या दोघांनी कित्येक वर्षं गावागावांत फिरून बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या, ध्वनिमुद्रित केल्या. एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षर वाचता येत नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभर बायकांमागं जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे शंभरातल्या एक्क्याण्णव जणींची शाळा ही अशी होती. जातं, पाणवठा, निंदणीची रांग आणि रात्रीचं अंगण.

मग गिरणी आली. आधी डिझेलवरची, मग विजेची. जातं कोपऱ्यात गेलं, नंतर अंगणात उलटं पडलं. मी स्पष्ट बोलते. जातं गेलं ते बरंच झालं. रोज पहाटे खांदे मोडेस्तोवर दळायचं दुःख ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. ते दिवस परत यावेत असं कुणीही म्हणू नये. पण गिरणीनं पीठ दळून दिलं, ओवी काही म्हटली नाही. ओव्या बायकांना नकोशा झाल्या म्हणून थांबल्या का? नाही. त्या जिथं म्हटल्या जायच्या ती जागा गेली, ती वेळ गेली. समोर बसणारी दुसरी बाई गेली.

मला आज जे सांगायचं आहे ते हेच आहे. गोष्ट आधी मरत नाही. आधी तिची बसायची जागा जाते. नवी जागा करून दिली नाही, तर गोष्टही हळूहळू उठून जाते. आणि मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना गोष्टीची आवडच नाही.

वाचायला लागलेली पोर प्रश्न विचारते

गोष्टीला जात्याशिवाय आणखी एक जागा मिळाली ती शाळेची. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. पण त्या शाळांतून शिकलेल्या पोरींनी वाचायला आल्यावर काय केलं, हे कमी सांगितलं जातं.

मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी. वय अवघं चौदा. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नावाच्या पत्रात छापून आला. त्यात तिनं काय लिहिलं? आपल्या लोकांना जमिनीवरून कसं हाकललं, मोठमोठ्या इमारतींच्या पायात कसं गाडलं, आपल्या आयांना बाळंतपणात डोक्यावर छप्परसुद्धा कसं मिळत नाही. हे तिला कोणत्या पुस्तकात वाचायला मिळालं असेल? हे तिनं घरातच ऐकलेलं, पाहिलेलं असणार. घरी बोललं जाणारं दुःख त्या पोरीनं शाळेत शिकलेल्या अक्षरात उतरवलं. आईचं ऐकणं आणि शाळेचं लिहिणं एकत्र आलं, तेव्हा तो निबंध झाला. दोन्हींतलं एक जरी नसतं, तर तो झाला नसता.

दुसरी आपल्याच विदर्भातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते, सत्यशोधक विचारांचे होते. त्यांनी लेकीला घरी शिकवलं. ताराबाईंनी पुराणं वाचली, कथा-कादंबऱ्या वाचल्या, वर्तमानपत्रं वाचली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चालीवर बोट ठेवलं जाऊ लागलं. ताराबाईंना ते सहन झालं नाही. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून निघालं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

त्या पुस्तकात त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या, वाचलेल्या कथांनाच प्रश्न विचारले. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागं गेली, ठीक आहे. पण बायकोसाठी यमाच्या वाटेला गेलेला नवरा कुणी ऐकला आहे का? वटसावित्रीला आपण सगळ्या वडाला दोरा गुंडाळतो. किती जणींच्या मनात हा प्रश्न येतो? बुलढाण्याच्या या बाईच्या मनात तो सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आला, आणि तिनं तो छापला. तिच्यावर टीका झाली. जोतिबांनी तिची बाजू घेतली. पण पुढं हे पुस्तक लोक विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा नव्या पिढीच्या हाती आलं.

म्हणून माझी विनंती आहे. पोरीनं गोष्ट ऐकताना ‘असं का?’ म्हटलं, तर ‘लई शायनी झाली’ असं म्हणून तिला गप्प बसवू नका. महदाइसा प्रश्न विचारत होती, ताराबाई प्रश्न विचारत होत्या. प्रश्न विचारणं हाही गोष्ट शिकण्याचाच भाग आहे.

सांगणारा, ऐकणारा आणि संध्याकाळ

शाळा झाल्या, पण गावातल्या सगळ्यांपर्यंत अक्षर पोचायला फार वेळ लागला. मधल्या काळात गोष्टीनं संध्याकाळी बसायच्या जागा शोधल्या.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. त्यांच्या वाट्याला शाळा आली नाही. पण त्यांचं कीर्तन म्हणजे मोठी शाळाच होती. ते वऱ्हाडीत बोलत आणि सारखे लोकांना प्रश्न विचारत. समोरच्या माणसाला उत्तर द्यावं लागायचं, म्हणजे विचार करावा लागायचा. वेळ पडली तर घरातली भांडी विका, पण पोरं शिकवा, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. ज्याला स्वतःला शिकायला मिळालं नाही तो माणूस हजारो पोरांच्या शिकण्याला कारण झाला. ‘मले वाचता येत नाई, मी काय शिकवू’ म्हणणाऱ्या बाईनं हे लक्षात ठेवावं.

तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये आली. आपल्याकडच्या किती तरी गावांत सामुदायिक प्रार्थनेनंतर ती वाचली जाते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचता येणारं एक माणूस सगळ्या गावाला पुरतं.

आणि ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ ला ते छापून आलं. त्याची बांधणी कशी आहे पाहा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे छापलेलं पुस्तक असूनही आतून ते अंगणातल्या सांगण्यासारखंच आहे. पुढं १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा सिनेमा केला. पुस्तक न वाचलेल्या कितीतरी आयांनी तो पाहून डोळे पुसले. गोष्ट तीच. कुणाकडं पुस्तकातून आली, कुणाकडं पडद्यावरून. म्हणून पडदा दिसला की लगेच नाक मुरडायचं कारण नाही. पडद्यावर काय आहे आणि शेजारी कोण बसलं आहे, हे पाहायचं.

तांड्यावरची, पोडावरची भाषा

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे येऊ. पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईकांचं गाव, बंजारा समाजाचं. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९६७ साली, दोन गोष्टी झाल्या. शाळेची पुस्तकं तयार करणारी ‘बालभारती’ स्थापन झाली आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावच्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं ते या कायद्यामुळं. पुढं नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ मासिक सुरू झालं. दर महिन्याला गोष्टी, कविता, कोडी. आपल्यातल्या काही जणींनी शाळेत ते वाचलं असेल.

हे सगळं चांगलंच झालं. पण पुस्तकं मराठीत आली आणि आपल्या जिल्ह्यातलं प्रत्येक लेकरू मराठी बोलत शाळेत येत नाही. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागातल्या कोलाम पोडावरचं लेकरू कोलामी बोलतं, कुणी गोंडी बोलतं. कोलामी आणि गोंडी या तर मराठीच्या कुळातल्या भाषाच नाहीत, त्या तेलुगूच्या कुळातल्या. त्या लेकराला पहिलीच्या पुस्तकातलं चित्र ओळखू येतं, पण शब्द परका असतो. मग ते गप्प बसतं, आणि आपण म्हणतो ते मठ्ठ आहे. त्याच लेकराला त्याच्या आजीनं कोलामीत सांगितलेली गोष्ट मात्र पुरी पाठ असते.

नागदेवाचार्यांनी केशोबासांना जे सांगितलं ते इथं लागू पडतं. ऐकणाऱ्याची भाषा धरावी. संस्कृतापुढं त्या म्हाताऱ्यांची मराठी होती, तशी आज आपल्या मराठीपुढं पोडावरची कोलामी आणि तांड्यावरची गोरमाटी आहे. आपल्या गटात या समाजाच्या बाया असतील, तर त्यांच्या गोष्टी त्यांच्या बोलीत सांगू द्या. नंतर कुणीतरी मराठीत समजावून सांगेल. त्यानं मराठीचं काही कमी होत नाही. लेकराला मात्र कळतं की आपल्या आजीचं बोलणंही ऐकण्यासारखं आहे.

मंचावर चढलेली गोष्ट

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधी १९७३ मध्येही ते इथं झालं होतं, तेव्हा ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. या वेळी अध्यक्ष होत्या लोकसाहित्याच्या अभ्यासक अरुणा ढेरे. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल येणार होत्या, पण त्यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं आणि त्यावरून मोठा वाद झाला. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. शेतकरी विधवांचं जगणं मांडणाऱ्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं होतं. त्या नाटकात अशा बायकांनीच आपलं जगणं रंगमंचावर सांगितलं.

त्या वादाबद्दल कुणाचं काही मत असो. मला त्यातलं एक चित्र महत्त्वाचं वाटतं. मोठमोठे लेखक समोर बसलेले, आणि आपल्या जिल्ह्यातली एक शेतकरी बाई माईकसमोर उभी राहून आपलं सांगते आहे. मुक्ता साळवेच्या निबंधापासून १६४ वर्षांनी. आपल्या पोरांना इतिहास म्हणजे राजे-लढाया वाटतात. पण त्यांच्या गावातल्या बाईनं सोसलेलं आणि सांगितलेलं हाही इतिहास आहे. फक्त तो ऐकायला कुणी बसलं पाहिजे.

मोबाईल आणि आपण

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. पोरं मोबाईल पाहतात. खरं आहे. तासन् तास पाहतात, त्यानं डोळे जातात, झोप जाते, अभ्यास जातो. हे मी नाकारत नाही. पण पोरं त्यात काय पाहतात तेही जरा शेजारी बसून पाहा. बऱ्याचदा ती गोष्टच शोधत असतात. कुणी पडतं, कुणी पळतं, कुणी फसवतं, कुणी जिंकतं. गोष्टीची भूक मेलेली नाही. पण ती गोष्ट अर्ध्या मिनिटात संपते, एकट्यानं पाहिली जाते आणि तिला प्रश्न विचारता येत नाही. जात्यावर दोघी होत्या, अंगणात दहा जण होते. मोबाईलपुढं पोर एकटं आहे. मला त्याची जास्त चिंता वाटते.

त्याच मोबाईलवर दुसरंही आहे. १९७१ पासूनचे ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. राईरकर आणि पॉइटवाँ यांनी जमवलेल्या ओव्या ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात, गाणाऱ्या बायकांच्या तोंडून, त्यांच्या नावा-गावासकट. २०२० मध्ये शाळा बंद असताना ‘गोष्टींचा शनिवार’ नावानं आठवड्याला एक गोष्ट मुलांपर्यंत मोबाईलवर पोचवली गेली. एकाच मोबाईलवर घरातली तिघं-चौघं लेकरं, अशा घरांत ती गोष्ट आपोआपच एकत्र वाचली गेली. म्हणजे साधन नवं असलं तरी बसण्याची रीत जुनी ठेवता येते.

मग आपण काय करू शकतो? मी चार साध्या गोष्टी सुचवते. यांतल्या कुठल्याच कामाला आईला वाचता येण्याची अट नाही.

एक, ऐकायला बसा. भाकरी थापताना पोराला चुलीपाशी बसवा आणि म्हणा, मला वाचून दाखव. शाळेचा धडा असो, ‘किशोर’ असो, नाहीतर बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर असो. ते अडखळलं तर ओरडू नका. मधूनच विचारा, “मंग काय झालं?” हा प्रश्न विचारता आला की पुरे. ऐकणारी आई असली की वाचणारं लेकरू तयार होतं. पोरगा आणि पोरगी दोघांनाही बसवा. पोरीला भांडी आणि पोराला पुस्तक, असं करू नका.

दोन, गटाच्या बैठकीला शेवटची पंधरा मिनिटं गोष्टीसाठी ठेवा. एका महिन्याला गावातल्या एखाद्या पोरीनं पुस्तकातली गोष्ट वाचावी, पुढच्या महिन्याला एखाद्या आजीनं तोंडी सांगावी. जातं गेलं आहे, अंगणं लहान झाली आहेत, पण गटाची बैठक दर महिन्याला होतेच. बाया गोल करून बसतात, समोरासमोर बसतात. गोष्टीला बसायला याहून चांगली जागा आज गावात दुसरी नाही.

तीन, म्हाइंभटासारखं विचारत फिरा. गावात ज्या आजीला ओव्या येतात, कहाण्या येतात, दुष्काळाच्या नाहीतर पुराच्या आठवणी येतात, तिच्याकडे पोरांना मोबाईल घेऊन पाठवा. तिची परवानगी घेऊन, तिच्याच बोलीत, तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून ध्वनिमुद्रण करायचं. मोबाईलचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. आणि हे लवकर करायला हवं. आता सत्तर-ऐंशीच्या घरात असलेल्या बाया म्हणजे जात्यावर ओवी म्हटलेली शेवटची पिढी. आणखी दहा वर्षांनी विचारायचं ठरवलं तर विचारायचं कुणाला?

चार, कुलूप उघडा. गावात वाचनालय आहे का, शाळेत पुस्तकं आहेत का, ती कुणाच्या हाती पडतात, हे ग्रामसभेत विचारा. चार जणी मिळून विचारलं की किल्ली सापडते. पुस्तक फाटलं तर फाटू द्या. वाचून फाटलेलं पुस्तक हे गावाला भूषणच आहे.

मैत्रिणींनो, रिद्धपूरच्या हिराइसेला आज कुणी विचारलं असतं की बाई, तुझं शिक्षण काय, तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. पण पोथ्या गेल्यावर लोक उत्तरासाठी तिच्याच दारात गेले. तुमच्या नातवंडांनाही एक दिवस काहीतरी विचारायचं असेल. गिरणी येण्याआधी काय होतं, हा पाडा कसा वसला, आजोबा कसे होते, तू शाळा का सोडलीस. त्या दिवशी त्यांना मोबाईलवर उत्तर सापडणार नाही. ते तुमच्याकडंच आहे. तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं रेडिओसुद्धा बंद करा, आणि लेकरांना जवळ बोलवा.

नमस्कार.